पीण्यातले चिमुकले कॅमेरे

कॅमेरा अतिलहान करायचा तर त्यातून काय वगळायचे हे आधी ठरवावे लागते. शर्टाच्या खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याला हा हिशेब लागू पडतो, तसाच तो बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातून चंद्रावर गेलेल्या दोन कॅमेऱ्यांनाही लागू पडला. चांद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’ बग्गीचे डोळे असलेले हे ‘नॅव्हकॅम’ पीण्यातल्या ‘लिऑस’ या इस्रोच्या प्रयोगशाळेने तयार केले. इलेक्ट्रो-ऑप्टिक्स हा तिचा विषय.

पीण्या म्हणजे तुमकूर रस्त्यालगतची प्रचंड वसाहत: लेथ आणि सीएनसी यंत्रे, प्लेटिंग, पावडर कोटिंग, तयार कपडे. या गर्दीत अवकाशविज्ञान आले ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. उडुपी रामचंद्र राव यांच्या चमूने इथल्या औद्योगिक शेडमध्ये ३६० किलोचा ‘आर्यभट’ उपग्रह बांधला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी तो सोव्हिएत संघातून अवकाशात गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन होते ३.६ किलो. चित्र फक्त १०० गुणिले १०० ठिपक्यांचे, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आर्यभटावर कॅमेरा नव्हताच. पण तो जिथे घडला त्याच आवारात पुढे लिऑस उभी राहिली आणि उपग्रहांचे ‘स्टार सेन्सर’ बनवू लागली. स्टार सेन्सर हाही एक कॅमेराच. तो ताऱ्यांचे छायाचित्र घेतो, साठवलेल्या तारासूचीशी ताडून पाहतो आणि यानाचे तोंड नेमके कुठे आहे ते सांगतो.

खिशातल्या कॅमेऱ्याने काय वगळले, हे पाहायला २००२ हे वर्ष सोयीचे. त्या वर्षी आलेल्या कॅसिओ एक्झिलिम ईएक्स-एस१ ची जाडी होती ११.३ मिलिमीटर. ती साधली ती झूम आणि आपोआप फोकस जुळवण्याची यंत्रणा काढून टाकून. मिनोल्टाच्या डायमाज एक्सने दुसरी युक्ती केली. आत आलेला प्रकाश लोलकाने काटकोनात वळवला आणि भिंगे कॅमेऱ्याच्या उंचीत बसवली, त्यामुळे लेन्स बाहेर येण्याचा प्रश्नच उरला नाही. हा फरक आजही महत्त्वाचा आहे. पुढे सरकणाऱ्या लेन्सच्या फटीत वाळूचा एखादा कण शिरला की ती अर्ध्यावर अडकते. कोकणच्या किनाऱ्यावर असा कॅमेरा वापरायचा तर फोटो काढून होताच तो बंद करून पिशवीत ठेवणे बरे.

सर्वात मोठी कात्री मात्र सेन्सरला लागते. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर जेमतेम ६ गुणिले ४.५ मिलिमीटरचा, तर व्यावसायिक ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्याचा ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा. क्षेत्रफळात फरक तीसपटीचा. म्हणून उन्हात सुरेख येणारा फोटो लग्नाच्या हॉलमधल्या संध्याकाळच्या प्रकाशात रवाळ होतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवून हा दोष जात नाही, उलट उठून दिसतो. आयएसओ कमी ठेवून, कॅमेरा टेबलावर किंवा कठड्यावर टेकवून, दोन सेकंदांच्या टायमरने फोटो घेतला तर हाच छोटा सेन्सर चांगले काम देतो. मेगापिक्सेलचा आकडा पाहून असा कॅमेरा विकत घेणे म्हणजे निव्वळ जाहिरातीला भुलणे. नखाएवढ्या जागेत जास्त ठिपके कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमीच येतो.

नॅव्हकॅमच्या रचनेतही हीच काटकसर दिसते. प्रज्ञान बग्गी २६ किलोची, तिच्याकडे सौरपट्टीतून मिळणारी सुमारे ५० वॅट वीज, आणि त्यातच चाके, उपकरणे, संदेशवहन सगळे भागवायचे. दोन्ही कॅमेरे प्रत्येकी एक मेगापिक्सेलचे आणि कृष्णधवल. रंगीत सेन्सरमध्ये प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी जाळी असते. कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली. जाळीमुळे प्रत्येक ठिपक्याला एकाच रंगाचा प्रकाश मिळतो आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरावे लागतात. दगड कुठे आणि खड्डा कुठे एवढेच पाहायचे असेल, तर या अंदाजापेक्षा कृष्णधवल चित्रातला ठसठशीतपणा जास्त कामाचा.

कॅमेरे दोन का, याचे उत्तर माणसाच्या डोळ्यांत आहे. दोन चित्रांत तोच दगड किंचित वेगळ्या जागी दिसतो आणि त्या सरकण्यावरून अंतर काढता येते. वस्तू जितकी दूर, तितके हे सरकणे कमी. अंतर दुप्पट झाले की चूक साधारण चौपट होते. त्यामुळे बग्गीला एका आज्ञेत पाचेक मीटरच पुढे जाऊ देत आणि मग पुन्हा नवी चित्रे घेत. २७ ऑगस्ट २०२३ रोजी तिच्यासमोर ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचा खड्डा आला. तो वेळीच दिसला, म्हणून तिला मागे वळवून दुसऱ्या वाटेने नेता आले.

३० ऑगस्टच्या सकाळी याच कॅमेऱ्यांनी बग्गीला चंद्रावर उतरवणाऱ्या विक्रम लँडरचा फोटो काढला आणि इस्रोने तो ‘स्माइल प्लीज’ म्हणत प्रसिद्ध केला. छायाचित्रकाराच्या नजरेने तो फोटो अवघड प्रसंगातला होता. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे आकाशाचा विखुरलेला प्रकाश नाही आणि सावल्या कोळशासारख्या काळ्या. उतरण्याची जागा दक्षिण अक्षांश ६९ अंशांच्या पुढे, म्हणजे सूर्य कायम कललेला. मळकट माती पडलेल्या प्रकाशाचा लहानसा भागच परत पाठवते, आणि तिच्यावर उभ्या लँडरचा चकचकीत पत्रा डोळे दिपवतो. पृथ्वीवर भर दुपारी झाडाखाली काढलेल्या फोटोत हीच अडचण सौम्य रूपात येते. चेहरा काळवंडतो नाहीतर मागचे आकाश पांढरे पडते. अशा वेळी एक्स्पोजर चेहऱ्यावर धरावे, किंवा सरळ फ्लॅश वापरावा. छोट्या कॅमेऱ्याचा दुबळा फ्लॅश रात्रीपेक्षा दुपारीच जास्त उपयोगी पडतो, हे अनेकांना खरे वाटत नाही.

५ सप्टेंबरला इस्रोने नॅव्हकॅमच्या जोडचित्रांतून केलेले त्रिमितीय चित्रही दिले. डावे चित्र लाल रंगात, उजवे निळ्या-हिरव्यात. लाल आणि निळसर काचांचा चष्मा लावला की त्यात खोली दिसते.

या चित्रांचा प्रवास मोठा गमतीचा होता. बग्गी थेट पृथ्वीशी बोलत नसे. चित्र आधी लँडरकडे जाई, तिथून सुमारे ३,८४,००० किलोमीटर अंतर सव्वा सेकंदात कापून बंगळूरजवळच्या ब्यालालूच्या मोठ्या अँटेनावर येई, आणि तिथून मोहिमेच्या नियंत्रण केंद्रात, इस्ट्रॅकमध्ये. इस्ट्रॅकही पीण्यातच. म्हणजे कॅमेरा जिथून निघाला, त्याच औद्योगिक वसाहतीत त्याने काढलेला फोटो परत येई.

अवकाशातले आणि खिशातले कॅमेरे एकमेकांकडून घेतही आले आहेत. १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांनी यानांचे कॅमेरे हलके आणि कमी विजेवर चालणारे व्हावेत म्हणून सीमॉस सेन्सरची नवी रचना विकसित केली. आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये तीच आहे. उलट दिशेचे उदाहरण बंगळूरचेच. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बाजारात सहज मिळणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ‘स्टारबेरीसेन्स’ हा स्वस्त स्टार सेन्सर उभारला आणि २२ एप्रिल २०२३ रोजी पीएसएलव्ही-सी५५ या प्रक्षेपकावरून तो अवकाशात गेला.

फोनचा कॅमेरा सुधारल्यावर खिशातल्या कॅमेऱ्यांचा बाजार आटला, आणि आता तेच जुने कॅमेरे तरुण मंडळी पुन्हा शोधून विकत घेत आहेत. असा वापरलेला कॅमेरा घेताना आधी मेमरी कार्ड पाहावे. एसडीएचसी कार्डे २००६ मध्ये आली. त्याआधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना २ जीबीपेक्षा मोठे कार्ड चालत नाही, आणि ऑलिम्पसची जुनी एक्सडी कार्डे तर शोधावीच लागतात. मग बॅटरी. त्या मॉडेलची बॅटरी आजही मिळते का, याची चौकशी कॅमेऱ्याच्या किमतीआधी करावी. बरेच दिवस वापर नसेल तर लिथियम-आयन बॅटरी अर्धी भरून, बाहेर काढून थंड जागी ठेवावी. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, म्हणून कॅमेरा चामडी पाकिटात न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. पुड्या ओलावल्या की बदलाव्यात.