ठिपक्यांच्या थव्यातून जिवांची ओळख
(मुख्याध्यापकांच्या लेखणीतून)



जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि हा रंग मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्म जीवांमुळे आल्याचे सांगितले. उल्कापाताने बनलेल्या या खाऱ्या सरोवरात अनेक प्रकारचे सूक्ष्म जीव एकत्र राहतात. असे पुष्कळ जीव प्रयोगशाळेत वेगळे वाढवता येत नाहीत. मग त्यांची ओळख कशी पटवायची? त्याची एक रीत आज समजून घेऊ. तिचा आधार तुमच्या गणिताच्या पुस्तकातच आहे.

प्रत्येक जिवाच्या डीएनएमधील मजकूर ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. पाण्यातील सर्व जिवांचा डीएनए एकत्र काढून यंत्राने वाचला की लाखो छोटे तुकडे हाती येतात. संगणक ते जोडून मोठे तुकडे बनवतो. पण कोणता तुकडा कोणत्या जिवाचा, हे त्यावर लिहिलेले नसते.

समजा, आपल्या आदिलाबादमध्ये कोणी मराठी आणि हिंदी वर्तमानपत्रे फाडून एकाच पोत्यात भरली. दोन्हींची लिपी देवनागरीच. तरीही तुकडे वेगळे करता येतील. मराठीत ‘ळ’ पदोपदी येतो, हिंदीत जवळजवळ येतच नाही. शिवाय मराठी पत्राच्या दहा प्रती आणि हिंदीची एकच प्रत फाडली असेल, तर मराठी मजकूर पुन्हा पुन्हा सापडेल. म्हणजे अर्थ न वाचता, नुसत्या मोजणीनेही तुकड्याचे घर कळते.

शास्त्रज्ञ प्रत्येक तुकड्यासाठी असेच आकडे काढतात. पहिला, जी आणि सी अक्षरांचे प्रमाण. मलेरियाच्या एका घातक परजीवीत ते सुमारे १९ टक्के असते, तर बऱ्याच हॅलोआर्कियांत ६० टक्क्यांहून अधिक. दुसरा, तो तुकडा किती वेळा वाचला गेला. तिसरा, चार अक्षरी जोड्यांची मोजणी. अशा जोड्या ४ × ४ × ४ × ४ म्हणजे २५६ होतात. गणिताच्या मदतीने त्यांचा सारांश एका आकड्यात आणता येतो.

आता वर्गखोलीचा एक कोपरा पाहा. तेथे जमिनीच्या दोन कडा आणि भिंतींची एक उभी कड मिळतात. हेच तीन अक्ष. तीन आकड्यांनी प्रत्येक तुकड्याची जागा ठरते आणि तेथे एक ठिपका पडतो. एकाच जिवाचे ठिपके साधारणपणे जवळजवळ येऊन त्यांचा थवा बनतो. समोरून दोन थवे एकमेकांत मिसळलेले दिसले, तरी माऊसने चित्र फिरवताच बाजूने ते वेगळे दिसू शकतात. मग अभ्यासक एका थव्याभोवती रेघ ओढतो, त्यातील जनुके माहीत असलेल्या जनुकांशी ताडून पाहतो आणि त्याला नाव देतो.

ही ताडणी का महत्त्वाची, हे जलअस्वलाच्या उदाहरणावरून कळते. हा आठ पायांचा, मिलिमीटरहूनही लहान प्राणी. २०१५ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी जाहीर केले, की त्याची सुमारे एक षष्ठांश जनुके जिवाणूंसारख्या परक्या जिवांकडून आलेली आहेत. जगभर बातमी झाली. २०१६ मध्ये एडिनबर्गच्या शास्त्रज्ञांनी दोन अक्षांवर ठिपके मांडले आणि कोणता तुकडा कोणत्या जिवाशी जुळतो, ते रंगाने दाखवले. जिवाणूंचे पुष्कळ ठिपके जलअस्वलाच्या थव्याबाहेर पडले. ती जनुके प्राण्याची नव्हतीच; नमुन्यात मिसळलेल्या जिवाणूंची होती.

चुकीचे नाव एकदा नोंदवहीत गेले, की पुढचे लोक तेच उतरवून घेतात. म्हणून नाव देणे हे जबाबदारीचे काम आहे. यंत्र ठिपके मांडते, निर्णय मात्र माणसाला घ्यावा लागतो.

नववी-दहावीच्या मुलांनी हा प्रयोग घरी करावा. पाच मराठी आणि पाच हिंदी उतारे घ्या, प्रत्येकी शंभर शब्दांचे. प्रत्येकात ‘ळ’ किती आणि ‘है’ किती, ते मोजून आलेख कागदावर बिंदू मांडा. भाषेचे नाव न सांगता मित्राला थवे ओळखायला लावा. पालकांनीही मोजणीला हातभार लावावा. विश्वस्त मंडळासही कळवावेसे वाटते, की यासाठी महागडे साहित्य लागत नाही. आलेख कागद, पेन्सिल आणि तपासून पाहण्याची सवय एवढे पुरे.