भुयारी गटार आणि अंगणातील फळझाड

दिल्लीतील पहाडगंज ही मोगल काळात शहराच्या तटाबाहेर वसलेली धान्याची पेठ. मराठी वाचकाला ती परिचित आहे ती नवी दिल्ली स्थानकामुळे, तसेच बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा यांच्यामुळे. येथील गल्ल्या अरुंद आहेत. झाड लावण्याजोगी जमीन उरली आहे ती एखाद्या जुन्या घराच्या परसात, शाळेच्या आवारात किंवा रेल्वेच्या वसाहतीत; आणि घराची गटारवाहिनीही पुष्कळदा अशाच मोकळ्या पट्ट्याखालून गेलेली असते.

झाडाची मुळे नळ फोडतात, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. धड असलेल्या नळाला मूळ भोक पाडीत नाही. जुन्या वाहिन्या भाजलेल्या मातीच्या, चकाकी दिलेल्या नळांच्या असत व त्यांचे सांधे सिमेंटने भरलेले असत. जमीन थोडी खचली, की अशा सांध्याला केसाएवढी चीर पडते आणि तीतून ओलावा झिरपू लागतो. दिल्लीचा पाऊस मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या महिन्यांतला. मे महिन्यात भोवतीची माती तापून कोरडी झालेली असताना ओल टिकून राहते ती या चिरेपाशी. तेथे मुळांची वाढ होते, एखादे मूळ सुतासारखे आत शिरते आणि पाणी, हवा व अन्न तिन्ही एकत्र लाभल्याने त्याचा दाट झुबका बनतो. त्यात चरबी व कागद अडकून वाहिनी तुंबते. पुढे मूळ जाड झाले, म्हणजे सांधा उकलतो.

तुंबलेले गटार मोकळे करण्यासाठी मॅनहोलमध्ये माणूस उतरविला जातो, हे येथे विसरता येत नाही. आत साचलेला हायड्रोजन सल्फाइड वायू काही क्षणांत शुद्ध हरपवितो. संरक्षक साधनांवाचून असे काम करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. तरीही त्यानंतर दिल्लीत असे मृत्यू घडले आहेत. परसात कोणते झाड लावावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ आपल्या कुंपणाआतला राहत नाही.

वड-पिंपळाच्या कुळातील झाडे सर्वांत उपद्रवी. अंजीर त्याच कुळातले, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तुतीही टाळावी. जांभूळ, चिंच, आंबा, फणस हे थोर वृक्ष. नवी दिल्लीच्या राजपथावर, म्हणजे आजच्या कर्तव्यपथावर, जांभळांच्या रांगा शोभतात, कारण तेथे त्यांना ऐसपैस हिरवळ लाभली आहे. दहा हात रुंदीच्या परसात तोच वृक्ष संकट ठरतो.

लहान अंगणासाठी फालसा मला सर्वांत योग्य वाटतो. उत्तर भारतात हे झुडूप दर हिवाळ्यात जमिनीलगत छाटतात. नव्या फुटीवर फुले येतात आणि ऐन उन्हाळ्यात आंबटगोड फळे पिकतात. वरचा विस्तार आटोक्यात राहिला, की मुळांची वाढही बेताची राहते. डाळिंब, करवंद व कागदी लिंबू यांचेही असेच. लिंबाची अन्न शोषणारी मुळे बहुतांशी वरच्या थरातच असतात. पपई अल्पायुषी असल्याने तिचे भय थोडे, मात्र दिल्लीची थंडी तिला सोसत नाही. पेरू छाटून ठेवता येतो, परंतु वाहिनीपासून तीन-चार मीटर दूर लावावा. इतर झुडपांनाही निदान दोन मीटर सोडावेत. तेवढी जागा नसेल, तर मोठ्या कुंडीतले लिंबू बरे.

अंतर मोजण्यापूर्वी वाहिनी कोठून जाते, हे ठाऊक असावयास हवे. दोन मॅनहोलांच्या दरम्यान वाहिनी सामान्यतः सरळ रेषेत टाकलेली असते. म्हणून त्यांच्या झाकणांमध्ये दोरी ताणून चुन्याने रेघ आखावी. घरातून येणारी शाखा चेंबरपासून त्याच रीतीने शोधता येते. भर उन्हाळ्यात त्या रेघेवर एखाद्याच जागी गवत हिरवेगार दिसले किंवा माती दबलेली आढळली, तर तेथे गळती आहे असे समजावे. तो सांधा आधी दुरुस्त करावा, नंतर खड्डा खणावा. अशा गळतीच्या जागी जमिनीवर पडलेले फळ उचलून खाऊ नये; फांदीवरून तोडलेला फालसाही सालीसकट खाल्ला जात असल्याने धुऊनच घ्यावा.