लोणारच्या बशीला निचरा नाही

निचरा नसलेल्या जमिनीचे काय होते, हे खारपाणपट्ट्यातील कास्तकाराला सांगायला नको. आपले लोणार सरोवर तसेच आहे. उल्केच्या आघाताने झालेल्या या सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवरात पाणी येते. बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. आपण आत सोडलेली घाणही तिथेच राहते.

येथे २००० साली अभयारण्य झाले. २०२० साली रामसर यादीत नाव गेले. वनखाते पहारा ठेवील. पण कमळजादेवीच्या दर्शनाची वाट उघडी राहायची, तर आपणही काही पाळले पाहिजे.

गुरे आत सोडू नका. ती विलायती बाभळीच्या शेंगा खातात आणि शेणातून बी पसरते; मग देशी झाडांना जागा उरत नाही. काठालगतच्या शेतात युरिया एकदम न टाकता हप्त्याने द्या. वर मुरलेले पाणीच झऱ्यांवाटे खाली उतरते. दर्शनाला नेलेली प्लॅस्टिकची पिशवी परत आणा.

शेताचा बांध राखतो, तसा हा काठ राखू या. म्हणजे नातवंडांनाही देवीपर्यंत जाता येईल.