वाऱ्याची वाट बघताना

बंदरात एक प्रवासी बसला आहे. त्याला जहाजाने पुढे जायचंय, पण वारा उलटा आहे. दर थोड्या वेळाने तो उठतो, मान वर करून बघतो आणि वारा कुठला म्हणून विचारतो. उत्तरेचा, असं कुणीतरी सांगतं. मग पश्चिमेचा कधी सुटणार? एपिक्टेटस त्याला समजावतो, की सुटायचा तेव्हा सुटेल. वाऱ्यांचा कारभार देवाने तुझ्याकडे दिलेला नाही. जन्माने गुलाम आणि पायाने अधू असलेला हा गुरू सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या निकोपोलिस शहरात शिकवत होता. त्याचं बोलणं एरियन नावाच्या शिष्याने उतरवून घेतलं, म्हणून आज ते वाचता येतं. जून महिन्यात मालवणच्या दांडी किनाऱ्यावर हे चित्र कळायला भाष्याची गरज पडत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि समोर नैर्ऋत्येचा वारा पाणी उचलून आपटत असतो. फरक एवढाच, की इथे सगळे त्या प्रवाशासारखे नुसते बसून नसतात. पडवीत जाळं पसरलेलं असतं. फाटलेला एकेक आस बोटांनी चाचपून शोधायचा, दोऱ्याची गाठ दातांनी आवळायची आणि पुढच्या आसाकडे सरकायचं. जाळं तुणण्याचं हे काम दिवसचे दिवस चालतं, आणि आपल्या हातात काय आहे या प्रश्नाचं एक उत्तर त्या पडवीतच मिळतं.

एपिक्टेटसच्या स्टोइक विचारांचा सारा पाया एका विभागणीवर आहे. काही गोष्टी आपल्या हातातल्या, काही हाताबाहेरच्या. हे वाक्य पाठ करायला एक मिनिट पुरतं. पण रेघ नेमकी कुठे ओढायची, हे ठरवायला माहिती लागते, धीर लागतो, आणि पुष्कळदा चार माणसांची सोबत लागते. हे तत्त्वज्ञान शिकणं म्हणजे ही रेघ ओढायला शिकणं, असं माझं म्हणणं आहे. ती चुकीच्या जागी पडली तर शहाणपणाचं हेच वाक्य माणसाला लुळं करतं, आणि मालवणच्या किनाऱ्यावर हा धोका उघड दिसतो.

ग्रीक आणि रोमन जगाचं आणि या किनाऱ्याचं नातं नुसत्या उपमेचं नाही, हे जाता जाता सांगायला हवं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे एपिक्टेटसच्याच काळाच्या आसपास, एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची सागरी मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात सोपारा, कल्याण, चौल यांच्या दक्षिणेकडच्या बंदरांचीही नावं आहेत आणि त्यांतली काही आजच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. इजिप्तहून निघणारी जहाजं जुलैच्या सुमारास सुटत आणि मोसमी वाऱ्याच्या भरवशावर इथवर येत. परतीला वारा फिरेपर्यंत त्यांना थांबावंच लागे. त्या काळी वाऱ्याची वाट बघणं हा व्यापाराचाच भाग होता. स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो हाही मूळचा सायप्रसचा व्यापारी. जहाज फुटून माल बुडाला, म्हणून तो अथेन्सला आला आणि तत्त्वज्ञानाकडे वळला, अशी त्याची कथा सांगतात.

आता रेघ कुठे पडते ते बघू. एपिक्टेटसच्या मते हातातल्या गोष्टी फार थोड्या आहेत. समोर जे येतं त्याबद्दल आपण काय मत बनवतो, काय करायचं ठरवतो, कशाची इच्छा धरतो आणि काय टाळतो, इतकंच. पैसा, नाव, अधिकार तर नाहीतच, आपलं शरीरही पूर्णपणे आपलं नाही. ऐकायला हे कठोर वाटतं, पण रापणीकडे बघितलं की अर्थ लागतो. जाळ्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी पाण्यात जाते, अर्धवर्तुळात जाळं सोडत फिरते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसं रांगेने उभी राहतात आणि वाळूत टाचा रोवून, मागे रेलून ओढत राहतात. हे काम तासन् तास चालतं. जाळं जवळ येईपर्यंत आत तारली आहे, बांगडा आहे की नुसता कचरा, हे कुणालाच ठाऊक नसतं. मासा किती लागला हे बघून कुणी कसं ओढलं ते ठरत नाही. जाळं नीट सोडलं का, पाण्याचा ओढा ओळखला का, दोर एका लयीत ओढला का, यावरून ठरतं. स्टोइक मंडळी हेच तिरंदाजाच्या दाखल्याने सांगत. नेम धरणं आणि बाण सोडणं त्याचं काम. सुटलेल्या बाणाला वाऱ्याने ढकललं तर तिरंदाजी खोटी ठरत नाही. मला रापणीचा दाखला अधिक पटतो, कारण तिरंदाज एकटा असतो आणि रापणीचा दोर एकट्याला ओढवत नाही. या फरकाकडे पुढे परत यावं लागेल.

रोजच्या जगण्यात हे उतरवायला स्टोइकांनी साधे सराव सांगितले आहेत. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस सकाळी स्वतःला बजावत असे, की आज उर्मट, कृतघ्न, मत्सरी माणसं भेटणार आहेत. रोमन विचारवंत सेनेका रात्री दिवा मालवल्यावर दिवसभरात आपण कुठे चुकलो याची उजळणी करी. याच सेनेकाची एक सवय मला सगळ्यांत उपयोगी वाटते. कुठलाही बेत मनाशी ठरवताना तो 'काही आडवं आलं नाही तर' ही अट जोडायला सांगतो, आणि त्याचंही एक उदाहरण समुद्रप्रवासाचंच आहे. मालवणीत 'वारो बरो असलो तर' असं म्हणणारा माणूस नकळत हेच करत असतो. बेत पक्का असतो, तयारी पूर्ण असते, पण मनाचा सौदा निकालाशी झालेला नसतो. आपल्या भाषेत हा सौदा 'च' या एका अक्षरात लपलेला असतो. मोहोर टिकावा असं वाटणं स्वाभाविक आहे. 'मोहोर टिकलाच पाहिजे' म्हटलं की देवगडच्या बागायतदाराची झोप अवकाळी पावसाच्या एका सरीच्या हाती जाते. तारकर्लीतल्या घरगुती निवासाच्या मालकिणीचं 'पाहुण्यांनी चांगलंच लिहिलं पाहिजे' हेही तसंच. इच्छा ठेवावी आणि 'च' सोडावा, ही विसाव्या शतकातल्या एका मोठ्या उपचारपद्धतीची मध्यवर्ती कल्पना आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस याने १९५५ च्या सुमारास ती मांडली आणि एपिक्टेटसचं ऋण उघडपणे मान्य केलं. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ही विवेकनिष्ठ पद्धत शिकवली, आणि डॉ. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे ती सामान्य मराठी वाचकापर्यंत पोचली. म्हणजे स्टोइक विचार मराठीत येऊन बरीच वर्षं झाली. फक्त तो दवाखान्याच्या दाराने आला, म्हणून अनेकांना ओळखू आला नाही.

इथे कुणीही विचारेल, की हे सारं गीतेत आहे, मग ग्रीसला कशाला जायचं? स्थितप्रज्ञाची लक्षणं मराठी माणसाला शिकवावी लागत नाहीत. रामदासांचे २०५ मनाचे श्लोक तर कोकणातल्या घराघरांत दिवेलागणीला म्हटले जात. मार्कस ऑरेलियसचं पुस्तकही स्वतःच्याच मनाशी केलेलं बोलणं आहे, त्यामुळे साम्य खरंच आहे, आणि ज्याला मनाच्या श्लोकांतून बळ मिळतं त्याने ते सोडण्याचं काही कारण नाही. पण फरकही आहे. गीतेत फळ ईश्वराला अर्पण करायचं असतं, तिथे श्रद्धेचा आधार आहे. स्टोइकांनीही विश्वात एक विवेक भरलेला मानला, पण त्यांचे रोजचे सराव ती श्रद्धा नसलेल्यालाही करता येतात. ज्याचा देवावर विश्वास उरलेला नाही, त्यालाही वादळानंतर घर उभं करायचंच असतं. आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मालवणी गाऱ्हाण्यात मागणं उघड आणि मोठ्याने असतं. एक जण देवापुढे गावाच्या वतीने बोलतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. वारा मागू नकोस म्हणणाऱ्या एपिक्टेटसला हे रुचलं नसतं. पण सगळ्यांचं दुःख सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या आवाजात मांडायची ही रीत त्याच्या शिकवणीत कमी पडते, असं मला वाटतं.

हे तत्त्वज्ञान माणसाला दगड बनवतं, हा दुसरा आक्षेप. स्टोइक म्हणजे न रडणारा, ताठ, पुरुषी माणूस अशी प्रतिमा सध्या मोबाइलच्या पडद्यावरून विकली जाते आणि तरुण मुलं ती विकत घेतात. यावरचं उत्तर रोमन लेखक ऑलस गेलियस याने नोंदवलेल्या एका वादळात आहे. इटलीकडे निघालेल्या त्याच्या जहाजाला रात्री तुफानाने गाठलं. जहाजावर एक नामवंत स्टोइक गुरू होता. गेलियसने बघितलं तर तोही इतरांसारखाच पांढराफटक पडला होता. फक्त ओरडत नव्हता. वादळ ओसरल्यावर गेलियसने कारण विचारलं, तेव्हा त्याने एपिक्टेटसचंच पुस्तक काढून दाखवलं. पहिला धक्का शहाण्यालाही बसतो, तोंडचा रंग त्याचाही उडतो. त्या धक्क्याने मनात उभं केलेलं चित्र खरं मानायचं की नाही, तिथून पुढे शहाण्याचं काम सुरू होतं. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाने कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं समुद्रात ठेवली. त्या घरांपुढे जाऊन 'हे हाताबाहेरचं होतं' असं सुनावणारा स्टोइक नसतो, निर्दय असतो. एपिक्टेटस स्वतः सांगतो, की रडणाऱ्याला शब्दांनी साथ द्यायला कचरू नकोस, गरज पडली तर त्याच्याबरोबर कण्हसुद्धा, फक्त आतून कण्हू नकोस.

फयानवरूनच तिसऱ्या आणि खऱ्या आक्षेपाशी येतो. हाताबाहेरचं ते सोडून द्या, असं ज्याला सांगितलं जातं तो बहुतेक वेळा गरीब असतो. सहन करा म्हणण्याचा हा सभ्य मार्ग नाही का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. एपिक्टेटसने गुलामी भोगली, पण गुलामीची प्रथा मोडा असं तो कुठे म्हणत नाही. मार्कसच्या हाती साऱ्या साम्राज्याची सत्ता होती, तरी त्याच्या राज्यात गुलाम विकले जातच राहिले. त्यांनी ती प्रथा ऋतूंसारखी गृहीत धरली. माणसांनी केलेल्या गोष्टीला हवामान समजणं, ही त्यांची चूक होती. रेघ ओढायची कल्पना बरोबर होती, पण त्यांच्याकडून ती चुकीच्या जागी पडली.

मालवणच्या किनाऱ्यावर हीच चूक होऊ शकली असती. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका माशांचे थवेच्या थवे वेढून उचलू लागल्या आणि रापणकरांची जाळी रिकामी येऊ लागली. 'मासोच नाय रवलो' म्हणून गप्प बसणं सोपं होतं. मासा कुठे जाईल हे कुणाच्या हातात नसतं, हे खरंच. पण कुठल्या जाळ्याने, कुठल्या महिन्यांत, किनाऱ्यापासून किती अंतरावर धरायचा, हे माणसं ठरवतात. पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश काढून पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला, आणि २०२१ मध्ये १९८१ च्या मासेमारी कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेला. अंमलबजावणीवरचा झगडा अजून संपलेला नाही. वादळांचंही असंच आहे. फयान आलं तेव्हा अनेक नौका समुद्रातच होत्या. मे २०२१ मध्ये तौक्ते येण्याआधी काही दिवस इशारे मिळाले आणि नौकांना माघारी बोलावलं गेलं. नुकसान तरीही फार झालं, छपरं उडाली, वीज कित्येक दिवस आली नाही. वाऱ्याचा वेग दोन्ही वेळा हाताबाहेरचाच होता. पण त्याची आगाऊ खबर आणि ती होडीपर्यंत पोचवायची सोय हातात आली होती. म्हणजे रेघ कायमची आखलेली नसते. ज्ञानाने ती सरकते, आणि माणसं एकत्र आली तर आणखी सरकते. विल्यम अर्विन या अमेरिकी प्राध्यापकाने दोनाऐवजी तीन भाग करायला सुचवलं ते याचसाठी: पूर्ण हातातलं, अजिबात हातात नसलेलं, आणि थोडं हातातलं. आपलं बहुतेक आयुष्य या तिसऱ्या भागात जातं. एपिक्टेटसचं उरतं ते इतकं, की त्या भागातही माझ्या वाट्याला ओढणं येतं. मोर्चाला जाणं, निवेदन नीट लिहिणं, पुन्हा जाणं, हे माझं. आदेश निघाला नाही म्हणून ते वाया गेलं असं होत नाही, आणि आदेश निघाला म्हणून संपलं असंही नाही. हा हिशेब पक्का असलेली माणसंच लांबचा लढा खचून न जाता लढू शकतात. तेव्हा हे तत्त्वज्ञान सहन करायला शिकवतं, या आरोपाला माझं उत्तर असं, की रेघ नीट ओढली तर ते टिकायला शिकवतं.

१ ऑगस्टला कायद्याने समुद्र खुला होतो. नारळी पौर्णिमा मात्र तिथीने येते. २०२० मध्ये ती ३ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये ३० ऑगस्टला. जुनी रीत अशी, की दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही. मच्छीमारांच्या संघटना बंदीचा काळ १५ ऑगस्टपर्यंत वाढवा अशी मागणीही करत आल्या आहेत, म्हणजे अंडी घालणाऱ्या माशाला आणखी थोडे दिवस मिळतील. सरकार ऐकेल की नाही, शेजारच्या बंदरातल्या नौका थांबतील की नाही, हे थांबणाऱ्याच्या हातात नाही. आपण थांबलो तर पहिला मासा दुसरा नेईल, ही भीतीही खोटी नाही, आणि पोटाला चिमटा बसतोच. तरीही काही जण थांबतात. पौर्णिमेच्या दिवशी मालवणच्या बंदरजेटीवर माणसं जमतात, नारळ पाण्यात सोडला जातो. वारा तेव्हाही बहुधा नैर्ऋत्येचाच असतो; जाळी मात्र तोवर तुणून झालेली असतात.