वर्गात न बोलणारं मूल : हट्ट नव्हे, भीती



पहिली-दुसरीच्या वर्गात एखादं मूल हजेरीला ‘हजर’ म्हणत नाही, कवितेला ओठ हलवत नाही, काही विचारलं तर नुसतं बघत राहतं. पालकांना सांगितलं तर ते म्हणतात, “घरी तर हिची बडबड थांबत नाही हो बाई!” दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. घरी मोकळं बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून जास्त काळ बोलतच नसेल, तर तो ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ म्हणजे निवडक अबोलपणा असू शकतो. शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत, कारण तेव्हा बरीच मुलं बुजलेली असतात.

‘निवडक’ या शब्दामुळे मूल ठरवून गप्प बसतं असं वाटतं. तसं नाही. आज तज्ज्ञ याला चिंतेचा विकार मानतात. बोलायची वेळ आली की भीतीने मुलाचा आवाजच फुटत नाही.

इथे आपल्याकडून दोन टोकं गाठली जातात. एक म्हणजे दटावणं, “बोल, नाहीतर उभा राहा”, किंवा चॉकलेटचं आमिष. त्याने भीती वाढते. दुसरं म्हणजे सोडून देणं. शेजारची मैत्रीण उत्तर देते, आपण पुढे जातो, मुलाची सुटका होते आणि गप्प राहण्याची सवय पक्की होते. मदत करायची ती या दोहोंच्या मधून, लहान लहान पायऱ्यांनी.

आधी गरजेच्या गोष्टी

न बोलणारं मूल ‘बाई, लघवीला जाऊ?’ असंही विचारू शकत नाही. पोटात दुखलं, कुणी मारलं, तरी सांगत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी खुणा ठरवा. करंगळी दाखवली की परवानगी, दुखत असेल तर तिथे हात. हजेरीला हात वर केला तरी चालेल. खुणा सगळ्या वर्गालाच लागू करा, म्हणजे ते मूल वेगळं पडत नाही.

मग आवाजाच्या पायऱ्या

१. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आई किंवा बाबा मुलाशी खेळतील. शिक्षक दाराबाहेर.

२. मूल मोकळं बोलू लागलं की शिक्षक आत येऊन कोपऱ्यात वह्या तपासतील. मुलाकडे बघायचं नाही, काही विचारायचं नाही.

३. काही दिवसांनी शिक्षक खेळात सामील होतील. प्रश्नाऐवजी नुसतं बोलायचं, “अरे वा, मनोरा उंच झाला.”

४. नंतर पर्याय देऊन विचारायचं, “लाल ठोकळा की निळा?” उत्तराला पाच-सहा सेकंद थांबायचं.

५. पालक हळूहळू बाजूला होतील, मग एक मित्र खेळात येईल, मग दोन.

एखादी पायरी अवघड गेली तर एक पायरी मागे या. पहिला शब्द आला की टाळ्या वाजवू नका. सगळ्यांच्या नजरा वळल्या की मूल पुन्हा मिटतं. “ही बोलतच नाही” असं मुलं म्हणाली तर शांतपणे सांगा, “ती बोलते. इथेही बोलेल.”

मूल्यमापनाचं काय?

आकारिक मूल्यमापनात तोंडी काम हे एकच साधन नाही. निरीक्षण, प्रात्यक्षिक, स्वाध्याय आहेतच. मूल तयार असेल तर घरी केलेल्या वाचनाचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐका, पण वर्गात लावू नका.

हेही तपासा

घरी पावरी, गोरमाटी किंवा हिंदी बोलणारं मूल मराठी वर्गात काही महिने नुसतं ऐकत राहतं. केवळ त्यावरून हा विकार म्हणू नये. मात्र ते स्वतःच्या भाषेतही शाळेत कुणाशी बोलत नसेल तर लक्ष द्या. ऐकू नीट येतं का, घरी उच्चार स्पष्ट आहेत का, हेही बघायला हवं. शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा आणि बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा बालमानसशास्त्रज्ञांचा सल्ला घ्या.

पालकहो, “आज बोललास का?” असं रोज विचारू नका. “आज काय खेळलास?” असं विचारा. ‘मोठा झाला की बोलेल’ म्हणून वर्षं घालवू नका. मदत जितकी लवकर मिळते, तितकी ती सोपी जाते.