जन्मठेप किती वर्षांची?

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते सांगितलेले असते, चित्रपटातल्या वकिलाने ठासून म्हटलेले असते. त्यामुळे परदेशातल्या एखाद्या खुन्याला ‘फक्त एकवीस वर्षे’ झाल्याची बातमी आली की आपण चकित होतो, आणि आपल्याकडचा कैदी पंधराव्या वर्षी सुटला की कायदा लेचापेचा आहे असे म्हणतो. या दोन्ही वेळी आपण केवळ आकडा पाहतो. खुनाची शिक्षा समजून घ्यायची तर आकड्याइतकाच दुसरा एक प्रश्न विचारायला हवा: तुरुंगाचे दार उघडायची किल्ली कोणाच्या हातात आहे?

आधी आपल्या घरचे पाहू. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०२ मध्ये खुनाला दोनच शिक्षा होत्या, फाशी किंवा जन्मठेप. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्येही त्याच आहेत. फाशी ‘विरळातील विरळ’ प्रकरणातच द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात ठरवले. म्हणजे नियम जन्मठेपेचा आणि अपवाद फाशीचा.

मग जन्मठेप किती? याचे उत्तर १९६१ मध्येच मिळाले आहे, आणि तेही मराठी माणसाच्या अर्जावर. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांचे म्हणणे होते की, तुरुंगात मिळालेली सूट जमेस धरता आपली वीस वर्षे भरली आहेत, तेव्हा आता सोडा. न्यायालयाने ते मानले नाही. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. त्यातून सूट द्यायची की नाही, हा सरकारचा अधिकार, कैद्याचा हक्क नव्हे, असा तो निकाल होता. पुढे १९६४ मध्ये गोडसे सुटले ते सरकारच्या निर्णयाने.

चौदाचा आकडा आला तो १९७८ च्या दुरुस्तीतून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकारने सोडू नये, असा तो नियम आहे. म्हणजे चौदा ही खालची मर्यादा. आपण तिलाच वरची समजून बसलो. २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक मधली वाट काढली: फाशी नको आणि चौदा वर्षे अपुरी वाटतात तिथे ठरावीक काळ, किंवा मरेपर्यंत, सूटच नाही असे न्यायालय सांगू शकते.

आता किल्लीकडे वळू. आपल्याकडे ती बहुतेक वेळा राज्य सरकारच्या हातात असते, आणि प्रत्येक राज्याचे मुदतपूर्व सुटकेचे नियम वेगळे. आपल्यापैकी कित्येकांचा एक भाऊ पुण्याला, बहीण बडोद्याला, मामा बेळगावला. तीच जन्मठेप या तीन ठिकाणी वेगवेगळ्या लांबीची ठरू शकते. २००२ च्या गुजरात दंगलीतील एका हत्याकांडाचा खटला मुंबईत चालला. शिक्षा झालेल्या अकरा जणांना गुजरात सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये सोडले. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. खटला जिथे चालला त्या राज्याचा, म्हणजे महाराष्ट्राचा, तो अधिकार असल्याने गुजरातला तो वापरताच येत नव्हता. आरोपी तेच, गुन्हा तोच. वाद होता तो किल्ली कोणाची याचा.

याच्या अगदी उलट टोक पाहायचे तर पोर्तुगालचे पाहावे, आणि गोव्याच्या वाचकांना ते परके वाटणार नाही. पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्ये रद्द केली, १८७० मध्ये ती सवलत सागरापारच्या प्रांतांना लागू झाली, आणि १८८४ मध्ये आजन्म कारावासही कायद्यातून गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र असे होते की, बेळगावच्या बाजूला खून केला तर दंडसंहितेप्रमाणे फास, आणि घाट उतरून गोव्यात केला तर फास नाही. एकाच भाषेची, एकाच कुळदैवताची माणसे हद्दीच्या दोन बाजूंना दोन मापांनी मोजली जात होती. १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय दंडसंहिता गोव्यात आली आणि तिच्याबरोबर फाशीही.

यावरून पोर्तुगीज राजवट दयाळू होती असा अर्थ मात्र कोणी काढू नये. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही गोळीबारात पडले. कायद्याच्या पुस्तकातली शिक्षा आणि राजवटीचे वर्तन या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

आजच्या पोर्तुगालमध्ये साध्या खुनाला आठ ते सोळा वर्षे आणि क्रूर किंवा विशेष निंद्य खुनाला बारा ते पंचवीस वर्षे शिक्षा आहे. पंचवीसच्या वर जाताच येत नाही. शिवाय सहा वर्षांहून मोठ्या शिक्षेत पाच-षष्ठांश काळ भरला की सहसा सशर्त सुटका होते. पंचवीसचे वीस वर्षे दहा महिने. इथे किल्ली कायदेमंडळाने आधीच घडवून ठेवलेली आहे, आणि सरकारला ती हरवता येत नाही.

हे दोन कायदे एकमेकांना भिडले ते अबू सालेमच्या प्रकरणात. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. त्यातील हा आरोपी लिस्बनमध्ये सापडला, तेव्हा पोर्तुगालने त्याला सोपवण्यासाठी हमी मागितली. फाशी देणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त काळ कोंडणार नाही, असे भारताने लिहून दिले. २००५ मध्ये तो भारतात आला. पुढे एका खुनाच्या खटल्यात आणि बॉम्बस्फोट खटल्यातही त्याला जन्मठेप झाली. पण जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पंचवीस वर्षे भरल्यावर केंद्र सरकार आपल्या शब्दाला बांधील आहे. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना हे बोचणार. परंतु तो शब्द दिला नसता तर तो खटल्यापुढे उभाच राहिला नसता, हेही खरे.

इतर देशांकडे धावती नजर टाकू. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ७७ जणांना मारणाऱ्या ब्रेविकला झालेली एकवीस वर्षे आपल्याला तोकडी वाटतात. पण ती ‘सुरक्षा-कैद’ आहे. माणूस अजूनही धोकादायक आहे असे न्यायालयाला वाटले तर ती दर वेळी पाच-पाच वर्षांपर्यंत वाढवता येते, अगदी मरेपर्यंत. जर्मनीत खुनाला जन्मठेपच आहे. पण बाहेर पडण्याची आशा कैद्याला असली पाहिजे, असे तिथल्या घटना न्यायालयाने १९७७ मध्ये ठरवले, आणि आता पंधरा वर्षांनंतर न्यायालय सुटकेचा विचार करते. इंग्लंडमध्ये खुनाला जन्मठेप अटळ. किमान किती वर्षे काढायची हे पूर्वी गृहमंत्री ठरवत. २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने तो अधिकार मंत्र्यांचा नव्हे असे म्हटले, आणि आता न्यायाधीश ती वर्षे उघड न्यायालयात सांगतात.

सौदी अरेबिया आणि इराण यांसारख्या देशांत किल्लीचा मोठा वाटा मृताच्या वारसांकडे असतो. ते सूड मागू शकतात, रक्तमोल घेऊन सोडू शकतात किंवा नुसती क्षमा करू शकतात. आपल्या न्यायालयात बाजूच्या बाकावर बसून राहणाऱ्या आईवडिलांना तिथे खरा आवाज आहे. मात्र ज्याच्या मागे पैसा आणि माणसे आहेत तो वाचतो, आणि एकटा गरीब मजूर फासावर जातो, हा त्याचा दुसरा चेहरा.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी शोधा: कमीत कमी किती काळ आत राहावे लागेल, जास्तीत जास्त किती, आणि त्या दोहोंमधला निर्णय कोण, कोणत्या कारणाने आणि कोणासमोर घेणार. ज्या घरातले माणूस मारले गेले, त्या घराला निकालाच्या दिवशीच हे कळायला हवे. पंधरा वर्षांनी एका सकाळी वर्तमानपत्रातून सुटकेची बातमी त्यांना समजावी, यापेक्षा पोर्तुगालचे पंचवीस बरे. ते निदान पहिल्या दिवशी सांगितलेले असतात.