तांब्या, मग आणि मोड

चतुर्थीच्या आधीच्या चार दिवसांत म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारातून फेरफटका मारणाऱ्यास एकाच रस्त्यावर दोन युगे शेजारी बसलेली दिसतात. एका बाजूस पोफळीची शिंपुटे, नारळाच्या पेंडी, तोरिंगे, चिबूड, निरफणस आणि रानातून तोडून आणलेल्या नाना फळांच्या जुड्या पुढ्यात मांडून बसलेल्या गावच्या बाया. दुसऱ्या बाजूस प्लॅस्टिकची तोरणे, प्लॅस्टिकची कमळे आणि हुबेहूब केळीच्या पानासारखे दिसणारे प्लॅस्टिकचे पान. विसर्जनानंतर माटोळीचे सामान उतरते आणि जे खाण्याजोगे नाही ते परसातल्या खतात जाते. कमळ माळ्यावर जाते. पुढल्या वर्षी ते रंग उडालेले, पाकळ्या तडकलेले असे खाली येते, आणि आता याचे करायचे काय, असा प्रश्न घरातल्या गृहिणीला पडतो. आमच्या मते प्लॅस्टिकविषयी विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे, आणि वस्तू घडविणाऱ्यांनी तो क्वचितच विचारला आहे.

प्लॅस्टिकला शिव्या देण्याची जी रीत पडली आहे, तीत भर घालण्याची आमची इच्छा नाही. तांब्याची भरलेली घागर कमरेवर घेऊन विहिरीची पाखाडी चढलेल्या बाईला हलक्या प्लॅस्टिकच्या घागरीचे मोल विचारावे. सुती जाळ्यांना झाडाच्या सालीच्या रसात पुनःपुन्हा बुडवून, वाळवून त्यांचे कुजणे लांबविणाऱ्या मच्छीमारांच्या घरांत नायलॉनचे जाळे आले तेव्हा श्रमाचा केवढा भार उतरला असेल! इस्पितळातील सलाईनची पिशवी आणि एकदाच वापरावयाची सुई-पिचकारी यांवाचून आजच्या वैद्यकाचे चालणार नाही. ज्याने जुन्या वस्तूंचे ओझे कधी वाहिले नाही, त्याने त्या वस्तूंच्या सौंदर्याचे गोडवे फार मोठ्याने गाऊ नयेत.

या पदार्थाचा जन्मच मुळी उसनवारीत झाला. अलेक्झांडर पार्क्स या इंग्रज गृहस्थाने १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात आपले 'पार्कसाइन' मांडले. पुढे अमेरिकेत जॉन हायट याने बिलियर्डच्या चेंडूसाठी हस्तिदंताला पर्याय शोधता शोधता सेल्युलॉइड सिद्ध केले. त्यात नायट्रोसेल्युलोजला लवचिकपणा आणणारा घटक होता कापूर. आपल्या देवघरातला कापूर! १९०७ साली बेकलंड याने बेकेलाइट शोधले, तेही लाखेला पर्याय हवा म्हणून. ती लाख बहुतांशी हिंदुस्थानातून जाई, आणि जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्याही तिच्याच बनत. पहिली पन्नास-पाऊणशे वर्षे प्लॅस्टिक दुसऱ्याचे सोंग घेऊनच वावरले. कधी हस्तिदंत, कधी कासवाची पाठ, कधी शिसवी लाकूड. केळीचे प्लॅस्टिकचे पान हे त्याच घराण्यातले.

परंतु या पदार्थाला स्वतःचे रूप देणारे कलावंतही निघाले, हे न सांगणे अन्यायाचे होईल. इटलीत गिनो कोलोंबिनी याने केलेल्या प्लॅस्टिकच्या बालदीला १९५५ साली तेथील मानाचे 'कोम्पासो दोरो' पारितोषिक मिळाले. बालदी हा आपल्या ओठांवरचा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला; राज्य गेले, शब्द राहिला. वस्तूही राहिली, फक्त पत्र्याची होती ती प्लॅस्टिकची झाली. पण पारितोषिक मिळावे अशी बालदी आपल्याकडे कोणी घडविली काय?

येथे चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याची आठवण होते. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते या देशात हिंडले आणि १९५८ साली त्यांनी जो अहवाल दिला, त्याच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. देशात पाहिलेल्या वस्तूंत त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले ते लोट्याला, म्हणजे आपल्या तांब्याला. नुसते कौतुक करून ते थांबले नाहीत. असा लोटा आज नव्याने घडवायचा झाला तर काय काय विचारावे लागेल, याची त्यांनी यादीच दिली. पाणी किती मावावे, तो डोक्यावर न्यावयाचा की कमरेवर, भरलेला असता तोल कोठे येतो आणि रिकामा असता कोठे, धार कशी पडते, आतून घासता कसा येतो, हाताला कसा लागतो, त्याचा नाद कसा. आणि शेवटी मोडीत घातला तर हाती काय येते, हेही. हेच दांपत्य १९५० पासून काचतंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या घडवून जगभर नावाजले गेले होते. प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या जनकांनीच तांब्यापुढे हात जोडावेत, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. पदार्थ कोणता यापेक्षा त्याचा विचार किती केला, याकडे त्यांचे लक्ष होते.

आता त्यांचीच यादी घेऊन न्हाणीघरातल्या प्लॅस्टिकच्या मगाकडे पाहावे. वजनात आणि किमतीत तो तांब्याला सहज हरवील. धार बरी पडते. मोडीच्या प्रश्नावर मात्र तो मुका होतो. तांब्याचे भांडे झिजले, चेपले, भोक पडले तरी कासाराकडे त्याची मोड येई, आणि ती घालून नवे भांडे घरी येई. वितळलेले तांबे पुन्हा तांबेच. प्लॅस्टिकचे तसे नाही. त्याच्या जाती अनेक, त्या एकमेकींत मिसळत नाहीत, आणि प्रत्येक वितळवणीत त्यांचे लांबलचक रेणू थोडे थोडे तुटून माल हलका होतो. भंगारवाला जाड बालदी घेईल, बाटली घेईल. शांपूच्या पुडीला तो हात लावणार नाही, कारण तिच्यात दोन-तीन पदार्थांचे थर असे चिकटवलेले असतात की वेगळे करण्याचा खर्च मालाहून अधिक. आमच्या कचेरीत येणारा 'कागदी' चहाचा पेलासुद्धा आतून प्लॅस्टिकच्या पापुद्र्याने मढविलेला असतो.

गंमत अशी की, जे टिकावे असे वाटते ते प्लॅस्टिक टिकत नाही. नाउम गाबो या रशियन शिल्पकाराने १९२० च्या दशकात सेल्युलोजच्या पारदर्शक पत्र्यांची शिल्पे रचली; त्यांतली काही संग्रहालयांच्या कपाटांत वाकून, तडकून गेली. अशा ॲसिटेटच्या वस्तू कुजू लागल्या की त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. आपला मूकपट ज्या नायट्रेटच्या फितीवर उमटला तीही त्याच कुळातली, आणि ज्वालाग्राही. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'चा काहीच भाग आज पाहावयास मिळतो, आणि २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांच्या कितीतरी प्रती गेल्या. याउलट मिरामारच्या वाळूत रुतलेली पिशवी! ती पॉलिथिनची, निराळ्या जातीची. उन्हाने ठिसूळ होऊन तिचे कण कण होतात, पण कण प्लॅस्टिकचेच राहतात आणि माशांच्या पोटात जातात. १९८१ मध्ये टोनी क्रॅग या शिल्पकाराने असेच टाकलेले रंगीत तुकडे भिंतीवर जुळवून ब्रिटनचा नकाशा केला. देशाचे असे चित्र आपल्या किनाऱ्यावरूनही सहज जुळवता येईल.

१ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्मोकोल, प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, काड्या देशभर निषिद्ध झाल्या, आणि उत्पादकाने आपल्या वेष्टनाची जबाबदारी शेवटपर्यंत घ्यावी असाही नियम आहे. बंदी आवश्यक होती. पण एक वस्तू बंद झाली की दुसरी तितकीच बिनविचाराची वस्तू तिची जागा घेते.

आल्तिन्यावरील कला महाविद्यालय १९७२ पासून चित्रकार आणि शिल्पकार घडवीत आहे. कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते, आणि ती उत्तम गोष्ट आहे. या दोघांनी मिळून आणखी एक स्पर्धा घ्यावी, असे आम्ही सुचवितो. विषय साधे असावेत: न्हाणीघरातला मग, मासळी बाजारातून घरी न्यावयाची पिशवी, देवळातल्या महाप्रसादाचे ताट. पदार्थ कोणताही चालेल, प्लॅस्टिकही. अट एकच, की वस्तू मोडल्यावर ती कोठे जाईल आणि तिचे कोण किती देईल, हे स्पर्धकाने लिहून द्यावे. परीक्षकांत एक भंगारवाला असावा. बक्षीस माटोळीच्या पहिल्या बक्षिसाइतके ठेवले तरी पुरे.